कारखान्यातील गॅस सिलिंडर : ठेवायचे कुठे आणि रात्री बंद कोणी करायचे?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांच्या पाइपलाइन, जिने, प्लॅटफॉर्म आणि मळीच्या टाक्यांची दुरुस्ती अशी कामे आम्ही घेतो. गळीत हंगाम तोंडावर आला की सगळेच कारखाने एकदम घाई करतात, आणि मग आमच्या शेडमध्ये ऑक्सिजन, डीए (ॲसिटिलीन), कटिंगसाठी एलपीजी आणि मिग वेल्डिंगसाठी कार्बन डायऑक्साइड असे चारही प्रकारचे सिलिंडर एकाच कोपऱ्यात उभे राहतात. त्याच शेडच्या मागच्या बाजूला मुलांच्या चहाची शेगडी आहे.

आता शेड वाढवायची आहे, म्हणून हा विषय नव्याने मांडावा असे वाटले. गॅस पुरवणारा सांगतो की सिलिंडर हाताशी असावेत. विम्याचा माणूस सांगतो की सगळे बाहेर काढा. माझ्या कटरवाल्यांना लांब नळ्या पायात येतात म्हणून त्या नको आहेत. शेजारच्या शेडमालकाच्या मते एवढ्याशा साठ्याला कोणी विचारत नसते, त्यामुळे डोके शिणवण्याचे कारणच नाही. कोणी विचारते की नाही यापेक्षा माझ्याकडची दहा-बारा माणसे संध्याकाळी धडपणे घरी जातात की नाही याची मला जास्त काळजी आहे. ज्यांनी अशी मांडणी प्रत्यक्ष केली आहे त्यांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

जुना सेफ्टीवाला

मी वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झालो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर जागेपासून सुरू करण्याऐवजी त्या चार गॅसच्या स्वभावापासून सुरू करावे लागेल, कारण जागा त्यातूनच ठरते.

एलपीजी हवेपेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट जड असतो. गळाला की तो वर जात नाही, तर जमिनीवरून सरपटत गटारात, केबलच्या चरात, गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यात किंवा तळघरात उतरतो आणि तिथेच बसून राहतो. सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असतो. एक लिटर द्रव बाहेर पडला तर त्याचे सुमारे अडीचशे लिटर वायूत रूपांतर होते, आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी ठिणगी पुरते. म्हणून वर छताला पंखा लावून एलपीजीचा बंदोबस्त झाला असे समजू नये. झरोके जमिनीलगत हवेत आणि गळती ओळखणारे यंत्रही जमिनीपासून फूटभर उंचीवरच लावले पाहिजे. आपल्याकडे ते सर्रास बल्बशेजारी टांगलेले दिसते.

डीए, म्हणजे ॲसिटिलीन, याच्या उलट हवेपेक्षा किंचित हलका असतो. मात्र तो अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांच्याही पुढेपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेट घेतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत सुरक्षित मिश्रण असे जवळजवळ नसतेच. त्याच्या सिलिंडरमध्ये सच्छिद्र भरण असते, त्या भरणात ॲसिटोन मुरवलेले असते आणि गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेला असतो. सिलिंडर आडवा करून वापरला तर ॲसिटोन रेग्युलेटरकडे येते आणि आतले संतुलन बिघडते. वाहतुकीत तो आडवा झालाच असेल, तर उभा करून काही तास तसाच राहू द्यावा आणि मगच जोडावा. टॉर्चकडे, म्हणजे ज्वाला सोडणाऱ्या हातातल्या नळीकडे, जाणारा दाब कोणत्याही परिस्थितीत एक बारच्या, म्हणजे १५ पीएसआयच्या वर नेऊ नये, कारण त्यापुढे हा गॅस हवा नसतानाही स्वतःहून विघटित होऊ शकतो. त्याच्या वाटेवर तांब्याची नळी किंवा तांब्याचा जोडही घालू नये.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, आणि त्यामुळेच लोक त्याला निरुपद्रवी समजतात. भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीडशे किलोचा दाब असतो. त्या दाबाखाली ग्रीसचे बोट व्हॉल्व्हला लागलेले असले तरी ते पेटू शकते. व्हॉल्व्ह झटक्याने उघडला की रेग्युलेटरमधला वायू क्षणात दाबला जाऊन तापतो, म्हणून तो सावकाश उघडावा आणि उघडताना रेग्युलेटरच्या समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे.

आता जागेविषयी. चालू कामाला लागणारी ऑक्सिजन आणि डीएची एकच जोडी साखळी लावलेल्या ट्रॉलीवर आत असावी. बाकी सगळे सिलिंडर शेडबाहेर, वर पत्रा आणि तिन्ही बाजूंना जाळी असलेल्या पिंजऱ्यात, साखळीने बांधून, टोप्या चढवून ठेवावेत. साठवणीत ऑक्सिजन आणि जळाऊ गॅस यांच्यात सहा मीटर अंतर किंवा दीड मीटर उंचीची न जळणारी भिंत असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. कुपवाडच्या भूखंडांवर सहा मीटर मोकळे मिळणे अवघड असते, म्हणून विटांची भिंत घाला. भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवा, आणि रिकाम्यांचे व्हॉल्व्हही बंदच ठेवा, कारण ज्याला आपण रिकामा म्हणतो त्यात थोडा गॅस उरलेलाच असतो.

तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे १०० किलोपर्यंतच्या एलपीजी साठ्याला परवाना लागत नाही. एकोणीस किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो होतात. सहावा आणला की तुम्ही मर्यादा ओलांडता, आणि मग नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या, म्हणजे स्फोटके आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, परवान्याचा विषय येतो. पण परवाना लागत नाही याचा अर्थ पाच सिलिंडर चहाच्या शेगडीशेजारी चालतात, असा होत नाही. ती शेगडी आधी हलवा.

सातारी भट्टी

साहेबांची माहिती उत्तम आहे, परंतु 'बाहेर ठेवा' हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, हे मी धंद्यातून सांगतो. आमचा साताऱ्यात मिठाईचा आणि लग्नकार्याच्या स्वयंपाकाचा व्यवसाय आहे. खवा आटवायच्या भट्ट्या दिवसभर मोठ्या आचेवर चालतात. डिसेंबर-जानेवारीत पाचगणी-महाबळेश्वरला लग्न असले आणि टाक्या मांडवाबाहेर ठेवल्या, की तासाभरात टाकीच्या खालच्या अंगाला बर्फ धरतो, आच पडते आणि इकडे पंगत बसायची वेळ झालेली असते. मग पोरे टाकी गरम पाण्याच्या घंगाळात उभी करतात, कोणी ती आडवी करतात, कोणी गदागदा हलवतात. एका ठिकाणी मी टाकीखाली कागद पेटवलेला पाहिला आहे. मी तिथे कामाला नव्हतो, पण जेवायला होतो, आणि न जेवताच निघालो.

अशा वेळी करायचे काय, हे कोणी सांगत नाही. एकदम 'करू नका' म्हटल्याने पंगत वाढली जात नाही.

जुना सेफ्टीवाला

भट्टीवाले भाऊ, तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गरम पाण्याशिवायही आहे. टाकीतल्या द्रवाचा वायू होताना तो उष्णता टाकीच्या पत्र्याकडून आणि भोवतालच्या हवेकडून घेतो. एका टाकीकडून तिच्या कुवतीपेक्षा जास्त गॅस मागितला की द्रव थंड पडतो, आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेतले बाष्प पत्र्यावर गोठते. त्यातही आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्यूटेन या दोहोंचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, पण ब्यूटेन शून्याच्या आसपासच उकळायचे थांबतो, म्हणून थंडीत प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाला ब्यूटेन बसून राहतो. तुम्हाला टाकी संपली असे वाटते, प्रत्यक्षात तिच्यात गॅस असतो.

उपाय असा की मागणी एकाच टाकीवर न टाकता तीन-चार टाक्या मॅनिफोल्डने, म्हणजे एका सामाईक नळीने, एकत्र जोडाव्यात. यालाच आपल्याकडे गॅस बँक म्हणतात. प्रत्येक टाकीवरचा भार कमी झाला की बर्फ धरत नाही. टाकी आडवी करणे सर्वात वाईट, कारण वायूऐवजी द्रवच नळीत येतो आणि भट्टीच्या तोंडाशी त्याचा एकदम भडका होतो. टाकीखाली आग लावण्याविषयी तर काही बोलायलाच नको.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मांडवात नेहमी दिसते, म्हणून विचारतो. त्या टाक्या निळ्या, १९ किलोच्या असतात, की घरगुती लाल, १४.२ किलोच्या?

सातारी भट्टी

आमच्या दुकानात निळ्याच असतात. मांडवात यजमानाच्या घरच्या लाल टाक्याही मागून येतात, हे नाकारत नाही. घरगुती गॅस धंद्यासाठी वापरता येत नाही, हा नियम २००० सालच्या आदेशापासून लेखी आहे, हेही ठाऊक आहे. पण माझी खरी अडचण नियमाची नसून जोडणीची आहे. कोणाच्या घरची नळी, कोणाचा रेग्युलेटर, तारेने आवळलेली क्लिप, आणि त्याच्यावर मोठ्या भट्टीचा भार, असे ते सगळे कडबोळे असते. आता मी यजमानाला आधीच सांगतो की टाक्या, नळ्या आणि रेग्युलेटर आमचेच असतील आणि त्याचे पैसे बिलात दिसतील. टाकी उतरवून घेताना तिच्या वरच्या पट्टीवरचा शिक्काही वाचतो. 'बी' आणि पुढे वर्ष असे लिहिलेले असेल तर त्या वर्षाच्या एप्रिल ते जूनपर्यंत तिची चाचणी व्हायला हवी. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. तारीख उलटलेली टाकी मी परत पाठवतो. वितरकाचा माणूस कुरकुरतो, पण बदलून देतो.

सगळे ठीक आहे

तुम्ही लोक साध्या गोष्टीचा बाऊ करता, असे नम्रपणे वाटते. आमच्या गॅरेजमध्ये वीस वर्षे एलपीजी आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी उभे आहेत, आजवर काहीही झालेले नाही. गळती आहे की नाही ते आमचा मेकॅनिक काडी ओढून बघतो आणि लगेच समजते. एवढे नियम पाळायचे तर छोट्या माणसाने धंदा करायचा कधी?

विटेकर गलाईवाला

वरच्या प्रतिसादातली काडी वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. काडी ओढून गळती समजते हे खरे आहे, पण गळती नसली तरच ते सांगायला माणूस जागेवर उरतो. साबणाच्या पाण्याला काडीपेक्षा जास्त खर्च येत नाही.

मी मूळचा विट्याजवळचा. खानापूर-आटपाडी भागातली आमची हजारो माणसे देशभरच्या सराफ बाजारांत गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा व्यवसाय करतात. मीही दक्षिणेतल्या एका शहरात बरीच वर्षे तो केला. कुपवाडकरांना निदान बाहेर पिंजरा घालायला जागा आहे. आमचे दुकान म्हणजे बाजारपेठेतल्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, वर यायला एका माणसाचा जिना, एका भिंतीला मूस (धातू वितळवायचे भांडे) तापवायची भट्टी, तिच्याजवळ एलपीजी आणि ऑक्सिजन, दुसऱ्या कोपऱ्यात नायट्रिक ॲसिडचे कॅन, आणि रात्री त्याच खोलीत अंथरूण टाकून झोपणारी गावाकडची चार पोरे. सोने आत असल्यामुळे रात्री दार आणि खिडकी घट्ट बंद असते. म्हणजे ज्या वेळी हवा खेळायला हवी, त्याच वेळी ती पूर्ण कोंडलेली असते आणि माणसे जमिनीवर, म्हणजे जिथे एलपीजी येऊन बसतो नेमकी तिथेच, निजलेली असतात.

या धाग्यात सगळ्यांनी ज्वाला पेटलेली असतानाचा धोका लिहिला आहे. माझा अनुभव वेगळा आहे. पेटलेल्या टॉर्चकडे माणसाचे लक्ष असते. धोका असतो तो काम संपल्यावर, जेव्हा कारागीर टॉर्चचा नॉब बंद करून हात धुवायला जातो आणि सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह उघडाच राहतो. मग रात्रभर नळीत दाब असतो. नळीला चिरा असतात, क्लिप सैल असते, उंदीर नळी कुरतडतात. एलपीजीला मुद्दाम मरकॅप्टनचा उग्र वास दिलेला असतो, पण झोपलेल्या माणसाचे नाक त्याला जागे करील याची खात्री देता येत नाही. ॲसिडच्या वाफांत दिवस काढलेल्या नाकाचा तर प्रश्नच नको.

आमच्याकडे पुढे आम्ही नियम केला की पोरांनी झोपायला दुसरीकडे खोली घ्यायची. भाडे वाढले आणि राखणीची चिंताही वाढली, म्हणून काही दुकानदारांनी आम्हाला वेड्यात काढले. तिजोरी चांगली घ्या, पण पोरांना तिच्याशेजारी झोपवू नका, एवढेच मी त्यांना म्हणत असे.

कुपवाडकर

विटेकर दादा, तुमच्या प्रतिसादाने माझा प्रश्नच बदलला. मी जागेचा विचार करत होतो. आज संध्याकाळी मुले गेल्यावर शेडमध्ये फिरून पाहिले तर दोन ट्रॉल्यांपैकी एकीचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे होते आणि गेजवर दाब दिसत होता. उद्यापासून सुपरवायझरने कुलूप लावण्यापूर्वी सगळे व्हॉल्व्ह तपासावेत, असे ठरवतो आहे. बाहेरच्या पिंजऱ्यालाही कुलूप असेल, कारण आमच्या भागात पितळी रेग्युलेटर चोरीला जातात.

जुना सेफ्टीवाला

सुपरवायझरवर एकट्यावर हे सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुपरवायझर रजेवर जातो, लग्नाला जातो, लवकर निघतो. ज्याने टॉर्च पेटवली त्यानेच सिलिंडर बंद करायचा, नळीतला उरलेला गॅस मोकळ्या हवेत सोडून गेज शून्यावर आणायचे, रेग्युलेटरचा स्क्रू सैल करायचा आणि मगच हात धुवायचे. सुपरवायझरने फक्त गेज बघायचे. शून्य नसलेले गेज लांबूनही दिसते, त्यासाठी प्रत्येक व्हॉल्व्ह चाचपावा लागत नाही. डीएची चावी काम चालू असेपर्यंत व्हॉल्व्हच्या स्पिंडलवरच (फिरवायच्या दांड्यावरच) राहू द्यावी आणि तो व्हॉल्व्ह एक-दीड फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नये, म्हणजे अडचणीच्या वेळी तो क्षणात बंद होतो. पिंजऱ्याच्या कुलपाची एक किल्ली पहारेकऱ्याजवळ असलीच पाहिजे.

हीच शिस्त जेवणाच्या सुट्टीतही हवी, आणि तुमच्या मळीच्या टाक्यांच्या कामात तर ती दुप्पट हवी. टाकीच्या आत काम करणारा माणूस जेवायला बाहेर येतो आणि टॉर्च आतच टेकवून ठेवतो. अर्ध्या तासात टाकीत किती गॅस साचला हे कोणालाच कळत नाही, आणि परत आल्यावर तो पहिली गोष्ट करतो ती लायटर पेटवण्याची. टॉर्च नळीसकट बाहेर आली पाहिजे. मिगच्या कार्बन डायऑक्साइडला आणि आर्गनला तर वासही नसतो. ते पेटणार नाहीत, पण टाकीच्या तळाशी हवेची जागा घेतील. हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, हे आपल्या सांगलीकरांना वेगळे सांगायला नको.

उन्हाळ्यातली एक सवयही इथेच नोंदवतो. मे महिन्यात पत्र्याखाली काम करणारी मुले अंगावरची धूळ झाडायला किंवा गार वाटावे म्हणून ऑक्सिजनची नळी अंगावर सोडतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. कपड्यांत तो थोडासा जरी जास्त मुरला तरी एका ठिणगीने ते कपडे असे पेटतात की झटकून विझत नाहीत. यासाठी मी एकदा एका चांगल्या कारागिराला घरी पाठवले होते आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

गावभागातली खाणावळ

आमची सांगलीच्या गावभागात खाणावळ आहे. पुराचा मुद्दा कोणी लिहिला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. एलपीजीची भरलेली टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते, आणि रेग्युलेटर जोडलेलाच असेल तर ती तरंगताना नळी ताणून तोडते. इशारा पातळीची बातमी आली की आम्ही रेग्युलेटर काढून, सुरक्षा टोपी लावून, टाक्या माळ्यावर बांधून ठेवतो. पाण्यात राहिलेली टाकी किंवा रेग्युलेटर धुऊन-पुसून पुन्हा जोडू नये; वितरकाला परत द्यावे. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, तो आम्ही भिंतीवर रंगवून घेतला आहे.

सगळे ठीक आहे

काडीचा मुद्दा मागे घेतो. मेकॅनिकला साबणाचे पाणी दिले आहे. पण एक विचारतो. समजा नळीच्या जोडापाशी आग लागलीच, तर आधी विझवायचे की आधी पळायचे?

जुना सेफ्टीवाला

आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि तो हाताला पोहोचण्यासारखा असेल तरच. गॅस थांबला की ज्वाला आपोआप विझते. व्हॉल्व्हपर्यंत जाता येत नसेल तर ज्वाला विझवू नका, कारण विझलेल्या ज्वालेच्या जागेवरून न जळलेला गॅस सगळ्या शेडभर पसरतो आणि पुढचा पेट मोठा असतो. भोवतालच्या वस्तू ड्राय केमिकल पावडरने सांभाळा, दुरून पाणी मारून सिलिंडर गार ठेवा, माणसे बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला कळवा. ज्वाला शेजारच्या दुसऱ्या सिलिंडरवर पडत असेल तर मात्र काहीही वाचवत बसू नका, सर्वांनी लांब जा. डीएच्या सिलिंडरमध्ये फ्लॅशबॅक, म्हणजे नळीतून उलटी आलेली ज्वाला, शिरल्याची शंका असेल तर आग विझल्यावरही त्याला हात लावू नका. तो आतून तापत राहू शकतो. हे टाळण्यासाठीच दोन्ही रेग्युलेटरांना फ्लॅशबॅक अरेस्टर हवेत. तुमच्या गॅरेजमध्ये ते आहेत का, हे उद्या बघून इथे लिहा.

कुपवाडकर

सर्वांचे आभार. पिंजऱ्याचे मोजमाप घेतले असून मध्ये विटांची भिंत येईल, शेगडी रस्त्याकडच्या बाजूला जाईल आणि गेज शून्य करण्याची जबाबदारी प्रत्येक कटरवाल्याच्या नावाने फळ्यावर लिहिली आहे. दोघांनी कुरकुर केली, त्यातला एक आता दुसऱ्यांचे गेज बघत फिरतो. एकच शंका राहिली. पिंजऱ्याच्या नियोजित जागेपासून तीन-चार मीटरवर केबलचा जुना चर आहे आणि तो सरळ शेडमध्ये जातो. तो हलवणे शक्य नाही. काय करावे?

जुना सेफ्टीवाला

पिंजरा शक्य तितका पलीकडे सरकवा आणि एलपीजीचा कप्पा चरापासून लांबच्या टोकाला ठेवा. चर कोरड्या वाळूने काठोकाठ भरून वर फरशी बसवा, आणि जिथे तो भिंतीतून शेडमध्ये शिरतो तिथे केबलभोवतीची फट पक्की बुजवून घ्या. हे काम सिलिंडर तिथे आणण्यापूर्वी करा.